चुलव्याची नडगी आणि मीटरवरचा ८३

प्रकरण कऱ्हाड तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गुऱ्हाळावरचं आहे. जानेवारी महिना, हंगाम भरात. चुलवाणाला, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या चुलीला, जाळ घालणारा ४६ वर्षांचा चुलव्या. तक्रार त्याच्याच शब्दांत अशी: "नडगी तडतडतीया, राती खाजवून झोप लागत न्हाई." उजव्या नडगीवर पांढुरकी खवलं, बारीक चिरा आणि खालच्या बाजूला तपकिरी जाळीसारखे पट्टे. दुपारी चारच्या सुमारास, आधण (चुलीवर चढवलेला रस) उकळत असताना, चुलवाणापासून उठवून तिथंच मीटरने त्याच्या त्वचेतली ओल मोजली गेली. सरासरी आली ८३. सोबतच्या कोष्टकात ३० च्या खाली 'खूप कोरडी' आणि ४०-४५ च्या वर 'पुरेशी ओलसर' असं होतं. त्यामुळे कागदावर 'त्वचा उत्तम' लिहिलं गेलं आणि माणूस परत जाळ घालायला बसला.

हा कुणी एक माणूस नव्हे. गुऱ्हाळावर वारंवार दिसणाऱ्या तक्रारी एका माणसात एकत्र करून प्रकरण मांडलं आहे, आणि रीडिंगं मोजणी कशी वाचावी हे दाखवण्यासाठी बसवली आहेत. त्यामागची पद्धत आणि कारणं मात्र तशीच्या तशी लागू पडतात.

डोळ्यांना कोरडी दिसणारी, हाताला खरखरीत लागणारी नडगी मीटरवर ८३ दाखवते, तेव्हा डोळ्यांवर विश्वास ठेवावा. मीटर बिघडलेलं नव्हतं. त्याने घाम मोजला.

मीटर काय मोजतं

कॉर्निओमीटर जातीचं मीटर पाण्याचे थेंब मोजत नाही. प्रोबच्या टोकाला काचेच्या पातळ थराखाली सोन्याच्या बारीक पट्ट्या असतात. प्रोब त्वचेला टेकला की त्या पट्ट्यांची विद्युत धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक (पदार्थ ही धारकता किती पट वाढवतो तो आकडा) ८० च्या आसपास असतो, त्वचेतल्या इतर बहुतेक पदार्थांचा एक आकडी. म्हणून धारकता वाढली म्हणजे टोकाखाली पाणी जास्त, असा अर्थ लावतात. आकडा ० ते १२० या मोजपट्टीवर येतो. त्याला एकक नाही आणि तो टक्केवारीही नाही.

मीटरची नजर वरच्या १० ते २० मायक्रॉनपर्यंतच पोचते. बाह्यत्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर, म्हणजे शृंगस्तर, जवळपास तेवढाच जाड असतो, त्यामुळे एरवी हे जमून जातं. पण त्या थरावर घामाची पातळ चादर पसरली असेल तर पट्ट्यांना आधी तीच दिसते. पाणी पेशीच्या आतलं की पेशीवर सांडलेलं, हे मीटरला कळायला मार्ग नाही.

पहिल्या मोजणीची पाच रीडिंगं याच क्रमाने आली होती: ७१, ७८, ८४, ८८, ९३. सरासरी ८२.८. ही सरासरी काढण्याआधी क्रमाकडे बघायला हवं होतं. एकाच जागी प्रोब पुन्हा पुन्हा टेकवल्यावर आकडा दर वेळी चढत गेला, तर समजावं की घामाच्या छिद्रांतून पाणी वर येतं आहे आणि प्रोबखाली कोंडलं जातं आहे. शांत, कोरड्या त्वचेवर आकडे पुढेमागे हलतात, असे पायऱ्या चढत जात नाहीत. कागदावर फक्त सरासरी लिहायची सवय इथे नडली. पाचही आकडे क्रमाने लिहिलेले असते तर चूक तिथल्या तिथं पकडता आली असती.

बाजारात मिळणाऱ्या पेनसारख्या स्वस्त मीटरांची गोष्ट याहून बिकट आहे. त्यातली बरीचशी त्वचेतून जाणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजतात. घामातलं मीठ हा प्रवाह सहज वाहून नेतं. शिवाय ती आकडा टक्क्यांत दाखवतात, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की त्वचेत खरंच तेवढे टक्के पाणी आहे. तापल्या, घामेजल्या अंगावर असं मीटर लावूच नये.

चुलवाणाच्या तोंडाशी

एकाच छपराखाली दोन हवा असतात. काहिलीपाशी, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईपाशी, उभा असलेला गुळव्या (गूळ शिजवणारा) वाफेत असतो. काही फुटांवर, चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला चुलव्या कोरड्या धगीत असतो. दोघंही घामाने निथळतात, पण कातडीची गत वेगळी होते.

जानेवारीच्या पहाटेची हवा घ्या: १५ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ६० टक्के. त्या हवेतल्या वाफेचा दाब साधारण १.०२ किलोपास्कल. हीच हवा चुलवाणापाशी तापून ३५ अंश झाली तर वाफ तेवढीच राहते, पण हवेची वाफ धरण्याची ताकद ५.६ किलोपास्कलवर जाते. सापेक्ष आर्द्रता उरते जेमतेम १८ टक्के. ४० अंशांना ती १४ टक्क्यांवर येते. पहाटेची गार हवा चुलवाणापुढे वाळवंटी होते ती अशी.

दुसरी बाजू त्वचेच्या तापमानाची. निवांत बसलेल्या माणसाची कातडी ३२ अंशांच्या आसपास असते. तिथे संपृक्त वाफेचा दाब ४.७६ किलोपास्कल. ४० अंशांना तो ७.३८. बाहेरच्या हवेशी फरक काढला तर एकीकडे ३.७४, दुसरीकडे ६.३६. म्हणजे नुसत्या दाबाच्या हिशेबाने पाणी बाहेर ओढणारा जोर १.७ पट झाला. त्यात भर म्हणजे शृंगस्तराच्या पेशींमधले सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचे पापुद्रे ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान आपली घट्ट रचना सैल करतात, आणि पाण्याला वाट आणखी मोकळी होते. हवा तापायच्या आधीच जाळाची अवरक्त किरणं थेट नडगीवर पडतात. त्यामुळे भिंतीवरचं थर्मामीटर ३४ दाखवत असताना नडगीची कातडी ४३-४५ अंशांवर असू शकते. अशा ठिकाणी धग मोजायची तर १५० मिलिमीटर व्यासाच्या काळ्या गोळ्यातलं तापमान घ्यावं लागतं. उन्हाबाहेरच्या जागेसाठी ओल्या बल्बचा (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा) ०.७ आणि काळ्या गोळ्याचा ०.३ वाटा धरून उष्णतेचा निर्देशांक काढतात. नुसत्या हवेच्या तापमानावरून चुलव्याच्या जागेचा अंदाज कायम कमी येतो.

घामाकडे मात्र गुन्हेगार म्हणून बघू नये. घामात लॅक्टेट आणि युरिया असतात, आणि शृंगस्तरात पाणी धरून ठेवणाऱ्या नैसर्गिक पदार्थांमध्ये या दोघांचा वाटा आहे. कमी घाम येणाऱ्यांची त्वचा पुष्कळदा जास्त कोरडी असते. बिघडतं ते पुढे: नडगीवरचा घाम धगीने लगेच वाळतो, राख आणि काजळी चिकटते, आणि सुट्टी झाली की ती काढायला कपड्याच्या साबणाची वडी आणि कडक गरम पाणी वापरलं जातं. त्वचेचा सामू ४.५ ते ५.५, साबणाचा ९ ते १० किंवा त्याहून वर. पाणी बोअरचं, जड. साबणाने मेद जातो आणि पाणी धरणारे पदार्थही धुऊन जातात. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा साका होऊन तो कातडीवर बसतो, म्हणून आणखी चोळून धुतलं जातं.

दुसरी मोजणी

तीन दिवसांनी मोजणी पुन्हा लावली. वेळ सकाळी साडेआठची, पाळी सुरू होण्याआधी, आदल्या संध्याकाळपासून जाळाशी संबंध नाही. जागा जवळच्या जाड भिंतीच्या घरातली खोली. जानेवारीत सकाळी अशी खोली २१-२२ अंशांवर असते, एसीची गरज पडत नाही. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत हवी, त्या दिवशी ४८ होती. मार्च-एप्रिलमध्ये हीच मोजणी करायची असेल तर एसीशिवाय जमणार नाही, कारण खोली २२ अंशांच्या फार वर गेली की न दिसणारा घाम सुरू होतो.

आदल्या रात्री फक्त साध्या पाण्याने पाय धुवायला सांगितलं होतं. साबण नाही, तेल नाही, व्हॅसलीन नाही. मोजणीच्या आधी १२ तास काहीही लावायचं नाही, आणि सकाळी आंघोळही मोजणी झाल्यावर. खोलीत आल्यावर पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडून ३० मिनिटं बसवलं. पाय उघडेच राहिले पाहिजेत. झाकलेला पाय शेवटच्या क्षणी उघडला तर कापडाखाली साचलेली ओल मोजली जाते. पंखा बंद, दार बंद, चहा नंतर. गरम चहाने घाम फुटतो, ते सगळ्यांनाच माहीत आहे, पण मोजणीच्या वेळी पाहुणचार आडवा येतो.

नडगीवर केस असतील तर प्रोबचं टोक नीट टेकत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. वस्तरा फिरवू नये, त्याने वरचा थरच खरवडला जातो. आदल्या दिवशी कात्रीने केस बारीक केले की पुरतं. काजळीचा थर राहिला तरीही आकडा पडतो. प्रोब कातडीला काटकोनात, स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत. एक सेकंदात रीडिंग मिळतं. प्रत्येक वेळी टोक कोरड्या टिश्यूने पुसायचं, आणि अगदी त्याच ठिकाणी न टेकवता बोटभर सरकायचं. मीटर त्या खोलीत माणसाच्या आधी आलेलं असावं. थंड पिशवीतून काढलेला प्रोब दमट हवेत नेला तर काचेवर दव धरतं, आणि चुलवाणाजवळ ठेवलेला प्रोब तापलेला असतो.

चार जागा ठरवल्या. उजवी नडगी, गुडघ्याच्या वाटीच्या खाली १५ सेंटिमीटर. डावी नडगी, त्याच उंचीवर. दोन्ही हातांच्या कोपराखालची आतली बाजू, जी शर्टाच्या बाहीखाली झाकलेली असते. या दोन जागा तुलनेसाठी.

उजवी नडगी: २२, २५, २१, २४, २३. सरासरी २३.
डावी नडगी: ३०, ३२, ३१, ३३, २९. सरासरी ३१.
उजव्या हाताची आतली बाजू: ४१, ३९, ४३, ४२, ४०. सरासरी ४१. डाव्या हाताची ४२.

त्याच बैठकीत त्वचेतून बाष्परूपाने जाणारं पाणीही मोजलं. उजव्या नडगीवर ताशी चौरस मीटरमागे १४ ग्रॅम, हाताच्या आतल्या बाजूला ७. हे मोजणारी उघड्या नळीची उपकरणं वाऱ्याला फार हळवी असतात. माणूस बाजूने चालत गेला तरी आकडा हलतो. चुलवाणापाशी, जिथे जाळच हवा ओढतो, तिथे ती वापरण्यात अर्थ नाही.

उजवा पाय, डावा पाय

सगळ्या आकड्यांत कामाचा निघाला तो २३ आणि ३१ मधला फरक. चुलव्या चुलवाणाला तिरका बसतो. उजव्या हाताने चिपाड (रस काढून वाळवलेला ऊस) आत सारतो आणि उजवा पाय जाळाकडे पुढे असतो. थायरॉइडची कमतरता, मधुमेह किंवा जन्मजात कोरडी त्वचा यांत दोन्ही पाय सारखेच कोरडे होतात. शरीराच्या आतल्या आजाराला चुलवाण कुठल्या बाजूला आहे ते माहीत नसतं. एका बाजूला झुकलेला कोरडेपणा म्हणजे कारण बाहेरचं. डावा पायही ३१ वरच आहे, म्हणजे दोन्ही पायांवर साबणाचा आणि थंडीच्या हवेचा भार आहेच, उजव्यावर धगीची भर. तरी ४६ व्या वर्षी रक्तातली साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घेतलं, ते ठीक निघालं.

पाण्याची बाष्परूपी गळती दुप्पट आणि ओल जवळपास निम्मी, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की थर नुसता सुकलेला नाही, फुटलेला आहे असं धरावं. नुसतं पाणी शिंपडून किंवा ग्लिसरीन चोळून मीटर वर जाईल, गळती थांबणार नाही.

याच माणसाच्या बोटांची टोकंही फुटली होती. ती धगीच्या खात्यात टाकायची नाहीत. रस साफ करताना तो चुन्याची निवळी कालवायला मदत करतो, आणि तिचा सामू १२ च्या वर असतो. तिथे उपाय रबरी हातमोजे हा आहे.

जाळीसारख्या तपकिरी पट्ट्यांचं नीट बघायला हवं. भाजण्याइतकी नाही, पण पुन्हा पुन्हा लागणारी ४३ ते ४७ अंशांची धग महिनोन्महिने कातडीवर पडली की अशी जाळी उमटते. कातडीखालच्या रक्तवाहिन्यांच्या रचनेप्रमाणे तिचा आकार येतो. भटारखान्यात आणि काच ओतणाऱ्यांत ती जुनी ओळखीची आहे. काश्मीरमध्ये कपड्याखाली कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर अशाच सततच्या धगीने पुढे त्वचेचा कर्करोग झालेला नोंदलेला आहे. म्हणून या डागात गाठ, न भरणारी जखम किंवा जाड झालेला खडबडीत ठिपका दिसला तर वाट न बघता त्वचारोगतज्ज्ञाकडून तुकडा तपासून घ्यायचा. या माणसाच्या डागात तसं काही नव्हतं.

अंगातलं पाणी वेगळं

पहिल्या मोजणीच्या वेळी आणखी एक गल्लत झाली होती. ८३ आला म्हणून 'पाणी व्यवस्थित पितो' असंही लिहिलं गेलं. शृंगस्तरातली ओल आणि शरीरातलं पाणी ही दोन खाती आहेत. अंग कोरडं पडलेल्या माणसाच्या त्वचेवर घाम असू शकतो, आणि भरपूर पाणी प्यायलेल्याची नडगी खवल्यांची असू शकते. हाताची चामडी चिमटीत धरून सोडण्याची परीक्षाही उतारवयात फसवते, कारण कातडीचा ताण वयाने कमी झालेला असतो.

ते मोजायला लागतो तो साधा वजनकाटा. पाळीआधी, लघवी करून, लंगोटावर वजन ५८.४ किलो. सहा तासांनी, अंग पुसून, ५७.१. मध्ये ३ लिटर पाणी प्यायला, लघवी अंदाजे ४०० मिलिलिटर, खाणं काही नाही. म्हणजे घाम १.३ अधिक ३ वजा ०.४, एकूण ३.९ लिटर. ताशी साडेसहाशे मिलिलिटर. ३ लिटर पिऊनही वजन २.२ टक्के उतरलं. २ टक्क्यांच्या पुढे काम मंदावायला लागतं. तहान लागेल तेव्हा तांब्याभर पिण्याऐवजी दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाऊण कप ते एक कप, असं ठरवून प्यायला सांगितलं.

बदल काय केले

आधी धग, मग मलम. चुलवाणाच्या तोंडाच्या उजव्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा केला, पायाकडच्या बाजूला चार विटांचा थर. पत्रा तापून स्वतःच धग सोडू लागतो, म्हणून दोन पत्रे दोन इंचांचं अंतर ठेवून लावले, मधल्या हवेने बाहेरचा पत्रा थंड राहतो. चिपाड सारायची काठी हातभर लांब केली. एका आधणाला अडीच-तीन तास लागतात. काहील उतरवून वाफ्यात (गूळ निववायच्या हौदात) ओतेपर्यंत चुलव्याला थोडी उसंत मिळते. त्या वेळात जाळापासून दूर बसायचं आणि पुढच्या आधणाला बसायची बाजू बदलायची. पायात सैल, पूर्ण लांबीची सुती पॅन्ट. टेरिकॉटची नको, ठिणगीने वितळून कातडीला चिकटते.

कपड्याची वडी बंद. काजळी काढायला आधी खोबरेल तेलाने पुसायचं, मग कोमट पाणी आणि सौम्य साबण, तोही फक्त काळवंडलेल्या जागी. रात्री आंघोळीनंतर टॉवेलने टिपून, तीन मिनिटांच्या आत, ओलसर कातडीवर साधं पेट्रोलियम जेली. एका नडगीला बोटाच्या पुढच्या पेरावर मावेल एवढं दोनदा, साधारण एक ग्रॅम. युरियाचं क्रीम पहिल्या आठवड्यात दिलं नाही, चिरांवर ते झोंबतं आणि माणूस सगळाच उपाय सोडून देतो. चिरा भरल्यावर १० टक्के युरियाचं सुरू केलं.

पेट्रोलियम जेली कामावर जाताना लावायची नाही, हे दोनदा सांगावं लागतं. एक तर घामाची छिद्रं बंद होऊन घामोळं उठतं. दुसरं, जेली लागून मुरलेलं सुती कापड जाळाजवळ झटकन पेट घेतं.

पुढची रीडिंगं

शृंगस्तर पूर्ण बदलायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, म्हणून १४ व्या आणि २८ व्या दिवशी मोजायचं ठरलं. १४ व्या दिवशी उजवी नडगी ४४ आली, आणि हाताची आतली बाजूही ५६. तुलनेची जागा एवढी उडाली म्हणजे सुधारणा नव्हे, मोजणी चुकली. विचारल्यावर कळलं की पाहुणे येणार म्हणून तो अर्ध्या तासापूर्वी कढत पाण्याने आंघोळ करून आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीविना: उजवी २९, डावी ३८, हात ४०. हाच आकडा नोंदीत ठेवला आणि ४४ वर रेघ मारून शेजारी कारण लिहिलं, खोडून टाकला नाही.

२८ व्या दिवशी उजवी ३६, डावी ४०, हात ४२. उजव्या नडगीवरची गळती १४ वरून ९ वर. खाज थांबली होती, चिरा भरल्या होत्या. तपकिरी जाळी तशीच होती. ती फिकी व्हायला महिने लागतात, आणि जाळापासून अंतर राहिलं तरच. तिचा मोबाइलवर फोटो काढून, शेजारी पट्टी धरून, तारीख टाकून ठेवला आहे. पुढचा फोटो हंगाम संपल्यावर, मग पुढच्या हंगामाआधी.

नोंदवहीत आता प्रत्येक मोजणीपुढे सहा गोष्टी लिहिल्या जातात: वेळ, खोलीचं तापमान, आर्द्रता, शेवटचा जाळ किती तासांपूर्वी, शेवटची आंघोळ आणि शेवटचं मलम कधी, आणि पाचही रीडिंगं आली त्या क्रमाने. पहिल्या पानावर ८३ ची नोंद तशीच आहे. 'त्वचा उत्तम' हे शब्द खोडून त्याजागी 'घामावर मोजलेलं' असं लिहिलं आहे.